'अरण्यरुदन ठरले' असे कधी लिहावे? आधी इशारा कुठे अडला ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अपघाताच्या चौकशी अहवालाचे मराठी करताना विचारणाऱ्याने वाक्य लिहिले: 'देखभाल अभियंत्याने तीन वेळा लेखी इशारा दिला होता, परंतु ते अरण्यरुदन ठरले.' वरिष्ठांनी 'अरण्यरुदन' खोडून 'कानाडोळा' लिहायला सांगितले. यात बरोबर कोण? दुर्लक्षित इशाऱ्यासाठी मराठीत एकच असा शब्द आहे का? आणि मूळ इंग्रजी मजकुरात एके ठिकाणी त्या अभियंत्याला 'कॅसँड्रा' म्हटले आहे, त्याचे काय करायचे?

दोघांपैकी कोण बरोबर, हे शब्दकोश उघडून ठरणार नाही, कारण कोशात दोन्ही शब्दांखाली शेवटी 'दुर्लक्ष' येतेच. खरा प्रश्न वेगळा आहे. इशारा वाया गेला हे कळले, पण तो कुठे वाया गेला? सांगणाऱ्याच्या तोंडून निघाला आणि कोणापर्यंत पोचलाच नाही? पोचला, पण ऐकणाऱ्याला उमगला नाही? उमगला, पण त्याने मुद्दाम तोंड फिरवले? की चर्चा करून, विचारपूर्वक बाजूला सारला? मराठीत या प्रत्येक टप्प्याला वेगळे शब्द आहेत, आणि त्यातला एक निवडला की दोष कोणाच्या माथी जातो तेही ठरून जाते. ललित लेखात थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते. चौकशी अहवालात मात्र चुकीचा शब्द म्हणजे चुकीचा निष्कर्ष.

आधी अरण्यरुदन. समास सरळ आहे, अरण्यातले रुदन. शब्द जोडून लिहायचा, आणि 'रुदन'चा रु ऱ्हस्व. 'रूदन' ही चूक छापील मजकुरातही सर्रास दिसते. संस्कृतात याचे भाऊबंद आहेत. अरण्यचंद्रिका म्हणजे रानात पडलेले चांदणे, जे पाहायला कोणी नाही. म्हणजे या घराण्यातल्या शब्दांत अरण्य हे भीतीचे किंवा एकांताचे ठिकाण नाही; ते श्रोता नसलेले, प्रेक्षक नसलेले ठिकाण आहे. शब्दाचा गाभा रडण्यात नसून ऐकणारा नसण्यात आहे, आणि बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

एक जुने संस्कृत सुभाषित इथे फार उपयोगी पडते. मूर्खाची सेवा करणे म्हणजे काय, याचे सात दाखले त्यात दिले आहेत: रानात रडणे, प्रेताला उटणे लावणे, कोरड्या जमिनीवर कमळ लावणे, खारट नापीक जमिनीवर खूप वेळ पाऊस पाडणे, कुत्र्याचे शेपूट सरळ करणे, बहिऱ्याच्या कानात जप करणे आणि आंधळ्याचे तोंड सजवणे. वरवर पाहता सगळे एकच: फुकट गेलेले श्रम. पण त्यातले चार दाखले शेजारी ठेवून पाहा. रानात श्रोताच नाही. बहिरा समोर आहे, पण त्याला ऐकू येत नाही. खारट जमिनीवर पाणी पडते, पण तिथे काही उगवत नाही. शेपूट तर हातात धरले तेवढा वेळ सरळही होते, सोडले की पुन्हा वाकडे. न ऐकले जाण्याचे हे चार वेगळे प्रकार आहेत, आणि सुभाषितकाराने चारही वेगळे मोजले आहेत. आपण मात्र चारही ठिकाणी अरण्यरुदन लिहून मोकळे होतो.

मराठीने यातल्या दोन-तीन जागा आपल्या पद्धतीने भरल्या आहेत. खारट जमिनीच्या जागी आपल्याकडे पालथा घडा आला: 'पालथ्या घड्यावर पाणी'. इथे पाणी भरपूर आहे, ओतणारा थकलेला नाही, घडाही समोर आहे. फक्त तो उपडा आहे. म्हणून हा वाक्प्रचार एकदा दिलेल्या इशाऱ्याला शोभत नाही. पुन्हापुन्हा सांगितले आणि ऐकणाऱ्याच्या स्वभावामुळे ते मुरले नाही, असे असेल तेव्हाच तो बसतो. शेपटाचा दाखला आपण जवळजवळ जसाच्या तसा घेतला, फक्त त्यात नळी आणली: कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. हे इशाऱ्यानंतर चार दिवस सुधारून पुन्हा मूळपदावर येणाऱ्यासाठी. 'नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे' हे मधले. ऐकले, पण आत काही थांबले नाही. आणि 'गाढवापुढे वाचली गीता' हे सर्वांत कठोर, कारण त्यात ऐकणाऱ्याची कुवतच नाकारली आहे. शेवटचे दोन प्रकार अहवालात चुकूनही नकोत.

बोलण्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे सांगणाऱ्याच्या बाजूला, दोन फार चांगले शब्द आहेत आणि ते मागे पडत चालले आहेत. एक कंठशोष: घसा कोरडा पडेपर्यंत बोलणे, बहुतेक वेळा व्यर्थ. दुसरा त्याचाच घरगुती भाऊ, कानीकपाळी ओरडणे. 'कानीकपाळी ओरडून सांगत होते, पाया खचतोय' या वाक्यात सांगणारा जवळ आहे, ऐकणाऱ्याच्या अगदी कानाशी आहे. म्हणून कानीकपाळी ओरडणे आणि अरण्यरुदन एका वाक्यात आले की चित्र फाटते. कानाशी ओरडत होता की रानात? एकच काहीतरी ठेवा.

आता कानाडोळा. हा शब्द सगळा ऐकणाऱ्याचा आहे. त्याला कळले होते, दिसत होते, आणि त्याने कळले नाही असे दाखवले. जाणूनबुजून हा अर्थ त्यात मुरलेला आहे. म्हणून 'नकळत कानाडोळा झाला' हे लंगडे वाक्य आहे. नकळत होते ते दुर्लक्ष. दुर्लक्ष हा शब्द त्या बाबतीत तटस्थ आहे, मुद्दाम असेल किंवा अनवधानाने, दोन्हीला चालतो, आणि हेतू सिद्ध झालेला नसेल तेव्हा तोच सुरक्षित. डोळेझाक ही कानाडोळ्यापेक्षा एक पायरी वर: ज्याच्याकडे रोखण्याचा अधिकार होता त्याने गैरप्रकार चालू दिला. त्यामुळे डोळेझाक बहुधा कृत्याकडे होते, इशाऱ्याकडे क्वचित. 'गळतीकडे डोळेझाक केली' हे चपखल. 'पत्राकडे डोळेझाक केली' हे कानाला खटकते, आणि खटकायलाच हवे.

हेळसांड इथे कोणी कोणी वापरतात. तो शब्द इशाऱ्याचा नाही. हेळसांड होते ती माणसाची, जनावराची, वस्तूची, प्रकृतीची. 'यंत्राची हेळसांड' बरोबर, 'इशाऱ्याची हेळसांड' चूक. तसेच धाब्यावर बसवतात ते नियम, आणि वाऱ्यावर सोडतात ती माणसे. शरीराने दिलेला इशारा असेल, म्हणजे आधीपासून दिसणारी लक्षणे, तर मराठीत त्याला स्वतःचा वाक्प्रचार आहे: दुखणे अंगावर काढणे. वैद्यकीय मजकुराच्या भाषांतरात 'लक्षणांच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केले' असे वाचले की हात शिवशिवतात. 'छातीतले दुखणे आठवडाभर अंगावर काढले' एवढे म्हटले की सगळे आले.

मूळ अडचण 'इशारा' या शब्दातच आहे, आणि ती लक्षात आल्याशिवाय पुढचे क्रियापद नीट बसत नाही. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ खूण, संकेत. हिंदीत तो आजही मुख्यतः त्याच अर्थाने चालतो. मराठीत मात्र त्याला दोन नवे अर्थ चिकटले. 'मुसळधार पावसाचा इशारा' म्हणजे सावध करणे. 'बेमुदत उपोषणाचा इशारा' म्हणजे धमकी, थोडी सभ्य शब्दांत. दोन्ही एकाच शब्दात असल्यामुळे वाचक कोणता अर्थ घ्यायचा ते पुढच्या क्रियापदावरून ठरवतो. 'इशाऱ्याला भीक घातली नाही', 'इशाऱ्याला जुमानले नाही', 'इशारा धुडकावला' ही सगळी क्रियापदे धमकीची जोडीदार आहेत; त्यात ऐकणाऱ्याची गुर्मी किंवा हिंमत दिसते. 'इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले', 'इशारा कानामागे टाकला', 'इशारा डावलला' ही सावध करण्याच्या अर्थाची जोडीदार. अभियंत्याने सांगितले की दोरखंड झिजला आहे, आणि भाषांतरात आले 'व्यवस्थापनाने इशाऱ्याला भीक घातली नाही', तर वाचकाला वाटेल अभियंता संपाची धमकी देत होता.

जाता जाता: जुमानणे, भीक घालणे, खिजगणतीत असणे ही तिन्ही मराठीत नकारातच नांदतात. 'त्यांनी इशाऱ्याला जुमानले' असे कोणी म्हणत नाही. म्हणून होकारार्थी वाक्याचा नकार करताना ती हाताशी येतात, पण उलट फिरवता येत नाहीत. भाषांतरात दोन बाजू समोरासमोर मांडायच्या असतील, 'एकाने मानले, दुसऱ्याने नाही', तर दखल घेणे आणि दखल न घेणे ही जोडी घ्या. ती दोन्ही दिशांनी चालते.

'चेतावणी' टाळावी असे माझे मत आहे. हिंदीच्या प्रभावाने तो शब्द फलकांवर आणि वेष्टनांवर रुळला आहे हे खरे. पण मराठी चेतवणे म्हणजे पेटवणे, उठवणे. चूल चेतवतात, माणसे चेतवतात. सावध करण्याच्या मजकुरात त्या अर्थाची ठिणगी नको. धोक्याची सूचना, पूर्वसूचना, सावधगिरीचा इशारा, यातले काहीही चालेल. कार्यालयीन कागदात तर आणखी काटेकोर राहावे लागते. तोंडी समज, लेखी ताकीद आणि ठपका या चढत्या पायऱ्या आहेत. शासकीय सेवेत ठपका ही शिक्षा असते. कर्मचाऱ्याला दिलेली ताकीद 'इशारा' म्हणून भाषांतरित केली तर तिचे वजन उतरते. उलट, अभियंत्याने वरिष्ठांना दिलेला इशारा 'ताकीद' होऊ शकत नाही, कारण ताकीद वरून खाली येते. खालून वर जाते ते निवेदन, कळवणे, लक्ष वेधणे, निदर्शनास आणणे. हवामानाच्या बातम्यांतही हीच गल्लत होते. हवामान खात्याच्या रंगांत पिवळा म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. तिन्हींना सरसकट 'इशारा' म्हटले, की पिवळ्या रंगाच्या दिवशी घराबाहेर पडलेला माणूसही 'इशारा धुडकावणारा' ठरतो.

शब्दांची ही माप-पट्टी कशी लावायची ते सर्वांना माहीत असलेल्या घटनांवर पाहू.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकला हिमनगांबद्दल आलेल्या बिनतारी संदेशांपैकी मेसाबा जहाजाचा संदेश, दुर्घटनेतून बचावलेल्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार, ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जागी, पोचलाच नाही. इथे दुर्लक्ष, कानाडोळा, डावलणे, काहीच लागू नाही. सरळ लिहायचे: संदेश संबंधितांपर्यंत पोचला नाही. त्याच रात्री जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने, आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत, असे कळवायला सुरुवात केली, तेव्हा टायटॅनिकचा बिनतारी चालक प्रवाशांचे संदेश पाठवण्यात गुंतला होता आणि त्याने समोरच्याला गप्प केले. हे 'कानावर घेतले नाही'. एकच जहाज, एकच रात्र, आणि दोन इशाऱ्यांना दोन वेगळी क्रियापदे.

दुसरी घटना चॅलेंजर यानाची. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी यानाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते आणि नासाचे अधिकारी यांच्यात दूरध्वनीवर बैठक झाली. थंडीत रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी ताठरते, म्हणून ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण नको, अशी अभियंत्यांची शिफारस होती. त्यांच्यातल्या रॉजर बॉइजोली यांनी आधीच्या वर्षी जुलैमध्ये हा धोका लेखीही मांडला होता. बैठकीत मध्येच कंपनीने वेळ मागून घेतला, व्यवस्थापकांनी आपल्याच अभियंत्यांची शिफारस फिरवली, आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान हवेतच फुटले. सात अंतराळवीर गेले. या घटनेवर लिहिताना 'अरण्यरुदन' हा शब्द वारंवार मोहात पाडतो. पण हे अरण्य कसले? श्रोते हजर होते, त्यांनी ऐकले, प्रश्न विचारले, आकडे मागितले, आणि मग उलट निर्णय घेतला. याला डावलणे म्हणतात. अरण्यरुदन म्हटले तर त्या निर्णयाची जबाबदारी रानात विरून जाते.

भोपाळचे उदाहरण या दोघांच्या मध्ये बसते. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये आपल्या छोट्या 'रपट' साप्ताहिकातून आणि नंतर १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता'तून कीटकनाशकांच्या त्या कारखान्यातला धोका मांडला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायुगळती झाली. केसवानींच्या लिखाणाला अरण्यरुदन म्हणणे योग्य वाटते: कारखान्यावर अधिकार नसलेला एक माणूस सगळ्यांना उद्देशून ओरडतो आहे, आणि ज्याने ऐकायचे तो ऐकणाऱ्यांच्या जागेवरच नाही. पण मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीच्याच तज्ज्ञांनी त्याच कारखान्याची तपासणी करून त्रुटी दाखवल्या होत्या. त्या अहवालाला अरण्यरुदन म्हणता येणार नाही. तो मागवणाऱ्याच्याच हातात पडला होता. तिथे प्रश्न अंमलबजावणीचा. अहवालांसाठी आपल्याकडे बासनात गुंडाळून ठेवणे, धूळ खात पडणे, दप्तरी दाखल करणे असे नेमके वाक्प्रचार आहेत, आणि सूचनांसाठी केराची टोपली दाखवणे. मात्र तेही पुरावा असल्याशिवाय वापरू नयेत. केराची टोपली म्हणजे उघड अवमान; नुसता विलंब म्हणजे केराची टोपली नव्हे.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर अरण्यरुदन तिथेच, जिथे ऐकून काही करू शकणारा माणूस सांगणाऱ्याच्या टप्प्यातच नव्हता, किंवा त्याने स्वतःला इतके दूर ठेवले होते की असून नसल्यासारखाच. श्रोता हजर असेल तर दुसरा शब्द शोधा.

'अरण्यरुदनाकडे दुर्लक्ष केले' असे वाक्य म्हणूनच आतून मोडलेले आहे. दुर्लक्ष करणारा कोणी होता, तर ते अरण्य कसे? 'व्यर्थ अरण्यरुदन' यात व्यर्थ जास्तीचा आहे. क्रियापदाची निवडही पाहा. 'ठरणे' हे निकालानंतरचे क्रियापद, त्यात सांगणाऱ्याबद्दल सहानुभूती असते. 'करणे' लावले की सूर बदलतो. 'अरण्यरुदन करत बसू नका' यात सांगणाऱ्याला थोडे हिणवलेले असते. आणि स्वतःच्याच इशाऱ्याला 'माझे अरण्यरुदन' म्हणणे बहुतेक वेळा कुरकुरीसारखे वाचले जाते.

व्याकरणाचीही एक बारीक गाठ आहे. 'इशारा दिला होता, परंतु ते अरण्यरुदन ठरले' यात इशारा पुल्लिंगी आणि सर्वनाम 'ते', त्यामुळे वाक्य अडखळते. 'तो अरण्यरुदन ठरला' असे नियमाने होईल, पण कानाला गोड लागत नाही, कारण रुदन माणूस करतो, कागद नाही. सोपा उपाय असा की कर्ताच नपुंसकलिंगी क्रियावाचक घ्यावा: सांगणे, ओरडणे, म्हणणे. 'त्याचे सांगणे अरण्यरुदन ठरले.' लगेच बसते.

आता कॅसँड्रा. ग्रीक पुराणकथेत ही ट्रॉयच्या प्रायम राजाची मुलगी. अपोलोने तिला भविष्य दिसण्याची शक्ती दिली, तिने त्याला नाकारले, तेव्हा त्याने शाप दिला: तुला दिसेल ते खरे असेल, पण कोणी विश्वास ठेवणार नाही. लाकडी घोड्याबद्दल तिने सावध केले आणि कोणी ऐकले नाही. म्हणजे या नावात दोन अटी आहेत, भाकीत खरे ठरणे आणि विश्वास न बसणे. अरण्यरुदनात पहिली अट मुळीच नाही. चुकीच्या गोष्टीसाठी रानात रडणाराही अरण्यरुदनच करतो. म्हणून कॅसँड्राच्या जागी अरण्यरुदन ठेवले तर 'तिचे खरे होते' हा अर्धा अर्थ गळतो. तो वेगळ्या उपवाक्याने भरावा लागतो. शिवाय इंग्रजीत काही जण हे नाव नुसते सदा अशुभ बोलणाऱ्यालाही लावतात. मूळ लेखकाला कोणता अर्थ हवा आहे, ते आजूबाजूच्या ओळींवरून आधी पक्के करा.

आपल्या परंपरेतले नाव सुचवायचे म्हटले की पहिला विदुर आठवतो. पण नीट पाहिले तर विदुर म्हणजे कॅसँड्रा नव्हे. उद्योगपर्वात विदुर रात्रभर धृतराष्ट्राला समजावतो, आणि धृतराष्ट्र शेवटी म्हणतो की तू म्हणतोस तसेच माझेही मन पांडवांकडे वळते, पण दुर्योधन समोर आला की ते पुन्हा फिरते. विश्वास बसला होता. पटलेही होते. जमले नाही. कॅसँड्राला कोणी मानले नाही, विदुराला मानूनही ऐकले नाही. ज्या संस्थेत वरिष्ठ 'तुमचे बरोबर आहे' म्हणतात आणि तरी काही हलत नाही, तिथे विदुर फार नेमका बसतो. (आणि मुद्रितशोधनात एक डोळा उघडा ठेवा. एका अक्षराने विदुराचा विधुर होतो, आणि सावध करणाऱ्या अभियंत्याची बायको वारल्याची बातमी छापून येते.)

बिभीषण मात्र घेऊ नका. रावणाला त्यानेही सावधच केले होते, पण लोकांच्या तोंडी त्याचे नाव घरभेदी या अर्थाने पक्के झाले आहे, आणि कितीही समर्पक प्रसंग असला तरी वाचक तोच अर्थ घेणार. मारीच चालला असता. अरण्यकांडात तो रावणाला सांगतो की गोड बोलणारी माणसे नेहमीच सहज मिळतात, पण अप्रिय तरी हिताचे सांगणारा आणि ऐकणारा, दोघेही दुर्मीळ. इशाऱ्याच्या दोन्ही टोकांची इतकी नेटकी मांडणी दुसरीकडे सापडणे कठीण. पण मारीच म्हटले की वाचकाला आठवते ते सोन्याचे हरीण, त्यामुळे तेही राहिले. व्यासांचे स्वर्गारोहणपर्वातले उद्गार, मी हात उंचावून ओरडतो आहे पण माझे कोणी ऐकत नाही, हे अरण्यरुदनाच्या सर्वांत जवळ आहेत. अग्रलेखाला शोभतील, अहवालाला नाही.

अहवालात माझा सल्ला असा: नाव ठेवायचेच तर 'कॅसँड्रा' लिहून पहिल्या वेळी अर्धे वाक्य जोडा, 'खरे भाकीत करूनही जिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही त्या ग्रीक कथेतल्या कॅसँड्रासारखी त्याची अवस्था झाली'. नसेल ठेवायचे, तर 'त्याचे म्हणणे आधी कोणी मानले नाही, पुढे मात्र ते खरे ठरले' एवढे पुरते.

एक प्रकार अजून राहिला, आणि अपघातांच्या अहवालात तो नेहमी भेटतो. भोंगा वारंवार विनाकारण वाजतो, म्हणून खरा वाजला तेव्हा कोणी उठले नाही. इथे 'लांडगा आला रे आला' आठवते, पण ती गोष्ट खोटे बोलणाऱ्या मुलाची आहे. यंत्र खोटे बोलत नाही. 'भोंग्याला कर्मचारी सरावले होते' हे बरोबर. बोलीत कान किटले म्हणतात, त्यात कंटाळा आहे. अशा ठिकाणी कानाडोळा लिहिला तर दोष पहारेकऱ्यावर जातो, आणि सदोष संवेदक बसवून ठेवणारा सुटतो. तसेच 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण नंतरच्या उपायांना लावायची, इशाऱ्याला नाही. तिथला झोपा म्हणजे गोठ्याचे दार. निजण्याशी त्याचा काही संबंध नाही, तरी 'बैल गेला तेव्हा झोपले होते' अशा अर्थाने ती वापरलेली आढळते.

आता मूळ वाक्य. अभियंत्याची तीन पत्रे कुठे गेली, ते आवक नोंदवहीत पाहा. पत्रांची पोच आहे, उत्तर नाही, तर: 'देखभाल अभियंत्याने तीनदा लेखी कळवूनही व्यवस्थापनाने त्याची दखल घेतली नाही.' उत्तर आहे आणि त्यात पुढच्या तिमाहीत पाहू असे म्हटले आहे, तर: 'तीनदा लेखी कळवल्यानंतरही कार्यवाही लांबणीवर टाकण्यात आली.' बैठकीच्या इतिवृत्तात विषय आला आणि यंत्र चालू ठेवायचे ठरले, तर: 'अभियंत्याचा लेखी इशारा डावलून यंत्र सुरू ठेवण्याचा निर्णय घेण्यात आला', आणि शक्य असेल तर 'घेण्यात आला' काढून निर्णय कोणी घेतला तेही लिहा. पत्रे मधल्याच टेबलावर राहिली असतील, तर: 'इशारा निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचला नाही.'

वरिष्ठांचा कानाडोळा यातल्या पहिल्या प्रसंगात अर्थाने जवळ जातो, पण त्यातला 'मुद्दाम' चौकशीत सिद्ध झालेला नसेल तर तोही अहवालात नको. अरण्यरुदन यातल्या एकाही वाक्यात बसत नाही. चौथ्या प्रसंगातसुद्धा पत्र कोणा एकाच्या टेबलावर होतेच, आणि त्या टेबलाचे नाव अहवालात यायला हवे.